नाशिकहून गेटवेला: सूर्यास्ताच्या वेळी शिडाच्या बोटीची फेरी कशी आखावी

गेटवे ऑफ इंडिया मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. नकाशावर हे एकदा बोट ठेवून पाहिलं की बरेच गैरसमज दूर होतात. शिडाच्या खासगी बोटी बहुतेक इथूनच मिळतात, आणि इथून सूर्य समुद्रात बुडत नाही. तो शहरामागे, ताजच्या घुमटाआड जातो. पाण्यात बुडणारा लाल गोळाच पाहायचा असेल तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावं, तिथे तो फुकट दिसतो. बोटीतून दिसतं ते निराळं. समोर १९०३ सालचं ताज आणि २६ मीटर उंच गेटवे हळूहळू काळे पडत जातात, मागे केशरी आकाश असतं, आणि पाठ फिरवली की घारापुरी-उरणच्या डोंगरांवर चंद्र. हा चंद्र हवा असेल आणि जेट्टीवर चढ-उतार सुखाची व्हायला हवी असेल, तर शनिवार-रविवार पाहून दिवस ठरवू नका. तिथी पाहा.

तिथीचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून ठरवताना हा हिशेब वापरा आणि पक्कं करण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. कॅलेंडरात तिथी सूर्योदयाची छापलेली असते. संध्याकाळी कोणती चालू आहे तेही बघा.

आता हा हिशेब फेरीला लावू. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. उधाणात मुंबईला पाण्याची पातळी दिवसभरात साडेतीन-चार मीटर खालीवर होते. जेट्टीच्या ज्या पायऱ्या एरवी पाण्याखाली असतात त्या शेवाळलेल्या उघड्या पडतात आणि बोटीपर्यंत नेणारी होडी खूप खाली राहते. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना तिथून उतरवणं हा सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा क्षण ठरतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमी-दशमीच्या आसपास, हाच फरक दीड मीटरपर्यंत येतो.

दुसरं कारण प्रवाहाचं. भरतीचं पाणी बंदरात उत्तरेकडे शिरतं, ओहोटीचं दक्षिणेला बाहेर जातं. तृतीया ते षष्ठी या दिवसांत भरती दुपारी सव्वादोन ते साडेचारला संपते, आणि नेमकं तुम्ही पाण्यावर असताना ओहोटी लागलेली असते. सूर्यास्ताला वारा पडला की शिडाची बोट त्या पाण्याबरोबर बाहेरच्या दिशेने सरकत राहते. नवमी ते त्रयोदशीला उलटं असतं: पाच ते सात पाणी चढत असतं आणि परतीला मदत करतं. शुद्ध पक्ष असेल तर चंद्रही आधीच वर आलेला असतो. म्हणून शुद्ध नवमी ते त्रयोदशी. पाच दिवसांत एखादी सुट्टीची संध्याकाळ बहुतेक महिन्यांत सापडतेच. नाही सापडली तर वद्य पक्षातल्या याच तिथी घ्या. चंद्र सोडला तर बाकी सगळं तसंच मिळेल.

महिना आणि वारा

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. मुंबईला तो दुपारनंतर वायव्येकडून येतो, चार-पाचच्या सुमारास जोर धरतो आणि सूर्य कलला की ओसरतो. ऑक्टोबरमध्ये उकाडा फार आणि वारा बेभरवशाचा. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण धुरकं इतकं की सूर्य क्षितिजाच्या आधीच विरून जातो. शिवाय डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो. त्याला गेटवेच्या मागे धरायचं तर बोट ईशान्येला न्यावी लागते, आणि त्या बाजूला नौदलाची गोदी आहे. तिकडे फिरकू देत नाहीत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर पश्चिमेला जातो, बोट सरळ पूर्वेला उभी केली की काम होतं, आणि वाराही भरवशाचा असतो. आमची निवड फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. एप्रिलपासून लाटा वाढतात. मेअखेरीला बंदरातल्या बहुतेक प्रवासी फेऱ्या पावसाळ्यासाठी बंद होतात. पावसाळ्यात कुणी ‘आज समुद्र शांत आहे, नेतो’ म्हणाला तरी जाऊ नका.

मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाला, फेब्रुवारीच्या मध्यावर ६.४० च्या जरा आधी, मार्चअखेर ६.५० ला. नाशिकची वेळ माहीत असेल तर त्यात चार मिनिटं मिळवा. बोटीवर पाय ठेवायचा तो सूर्यास्ताच्या दीड तास आधी. दोन तासांची फेरी मग सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने संपते. मावळल्यानंतरची दहा ते वीस मिनिटं रंगांची असतात, ती जेट्टीच्या रांगेत घालवू नका.

वाऱ्याचा अंदाज नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आठ ते चौदा नॉट उत्तम. पाचाच्या खाली शीड नुसतं लोंबकळतं आणि फेरी इंजिनवर होते. विसाच्या वर असेल तर नवख्या माणसांनी दिवस बदलावा.

बोट ठरवताना

इथल्या भाड्याच्या शिडाच्या बोटी साधारण २० ते २६ फुटी असतात. बोट चालवणारा स्किपर आणि एखादा खलाशी सोडून चार ते सहा पाहुणे मावतात. सहा म्हटलं तरी चारच सुखाने बसतात. शीड फिरवताना सगळ्यांना एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकावं लागतं. दहा-बारा जणांचं कुटुंब असेल तर मोठी इंजिनची बोट मिळते, पण तिला शिडाच्या फेरीची सर नाही. त्यापेक्षा दोन छोट्या बोटी घ्या.

फोनवर विचारायचं ते असं. दर पूर्ण बोटीचा की माणशी? जीएसटी, जेट्टीपासून बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीचे पैसे आणि खलाशी त्यात धरलेत का? दोन तास कधीपासून मोजणार, जेट्टीवरून की शीड उभारल्यापासून? वारा पडला किंवा जास्त झाला तर पैसे परत की दुसरी तारीख? बोटीला चालू इंजिन आहे का? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, आणि किती? प्रवासी वाहतुकीचा परवाना, विमा आणि बोटीवर मंजूर प्रवासीसंख्या किती? शेवटच्या तीन प्रश्नांना आढेवेढे घेणाऱ्याकडे जाऊ नये. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला जो अपघात झाला, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती आली. ते दाखवण्यापुरतं खांद्यावर अडकवू नका, पट्टे आवळून घाला. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

गेटवेवर ऐन वेळी जागेवर भेटणाऱ्या दलालाशी सौदा करू नका. ४ डिसेंबरचा नौदल दिन आणि ३१ डिसेंबर यांच्या आसपास बंदोबस्त कडक असतो, ते दिवस टाळा. घारापुरीला उतरणं या फेरीत बसत नाही. लेणी संध्याकाळी बंद होतात, सोमवारी दिवसभर बंद असतात.

नाशिकहून पोहोचणं

पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालात तर अकराच्या आत सीएसएमटीला असता. जाताना ही उत्तम, पण परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते, म्हणजे तुम्ही पाण्यावर असता तेव्हा. परतीसाठी रात्रीची गाडी आधी आरक्षित करा. देवगिरी साधारण साडेनऊला निघते आणि मध्यरात्रीनंतर नाशिकरोडला सोडते. वेळा तिकीट काढताना ताडून घ्याव्यात. सीएसएमटी ते गेटवे टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं.

गाडीने जायचं तर इगतपुरीपासून समृद्धी घ्या. जून २०२५ मध्ये आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाच्या वळणांऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. वाचलेला वेळ मात्र भिवंडी-ठाणे पट्ट्यात खर्ची पडू शकतो. सूर्यास्त थांबत नाही, म्हणून दहाच्या आत नाशिक सोडा. पुढे चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे धरला की बंदराच्या बाजूने थेट दक्षिण मुंबईत उतरता. गेटवेजवळ पार्किंगच्या भरवशावर राहू नका. गाडी लांब लावून टॅक्सी करा.

पोटात काय, पिशवीत काय

सकाळी मिसळ खाऊन निघू नका. तर्री आणि लाटा यांचं जमत नाही. रिकामं पोटही तितकंच वाईट. बोटीच्या दोन तास आधी दहीभात, इडली, पोळी-भाजी असं हलकं खा. बस लागणाऱ्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त. मळमळीची गोळी बोटीवर चढण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून ती घेतलेल्याने रात्री गाडी चालवू नये. लहान मुलं, गरोदर बाई किंवा नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

खायला द्राक्षं न्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची चांगली द्राक्षं घरातच असतात, घसा ओला राहतो, सांडासांड नाही. लाडू, दशम्या, संत्री चालतील. चिवडा नको: पोहे वाऱ्याने उडतात आणि बोटीच्या तळाशी जाऊन पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतात. वाइन घरीच राहू द्या. हलत्या बोटीवर तोल जातो, मळमळ वाढते, आणि स्किपर बोटीवर घ्यायला नकार देऊ शकतो. पाणी माणशी एक लिटर.

पायात मऊ तळव्याचे, फिकट रंगाच्या सोलचे बूट. चपला ओल्या डेकवर घसरतात. साडीचा पदर आणि ओढणी दोरात अडकतात, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी पिशवीत. वारा झोंबतो म्हणून पातळ विंडचीटर. चष्म्याला दोरी, फोन गळ्यात अडकवलेल्या, पाणी न शिरणाऱ्या पाउचमध्ये. चाकांची कडक बॅग छोट्या बोटीवर ठेवायला जागाच नसते. ओळखपत्र जवळ हवं, गेटवेच्या आवारात तपासणी होते. बोटीवर स्वच्छतागृह नसतं; सीएसएमटीला किंवा वाटेत उरकून घ्या.

पाण्यावर

पायरीवरून होडीत उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवा, सामान आधी द्या, आणि लाट होडीला वर आणेल त्या क्षणी मधोमध पाऊल टाका. काठावर पाय देऊ नका. पायरी आणि होडीच्या मध्ये हात कधीही नाही.

शीड भरलं की बोट एका बाजूला कलते, पंधरा-वीस अंशही कलेल. नवख्यांना वाटतं उलटली. या बोटींच्या तळाशी पाण्याखाली जड पातं (कील) असतं, बोट जितकी कलेल तितकं ते तिला सरळ करायला ओढतं. तुम्ही वाऱ्याच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूला बसा. शिडाच्या बोटीला थेट वाऱ्यावर चाल करता येत नाही; साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणावर शिडाखालची आडवी दांडी, बूम, डोक्यावरून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते. स्किपरने आवाज दिला की आधी डोकं खाली, मग जागा बदला. फोटोसाठी उभं राहणाऱ्यालाच ती लागते.

किनाऱ्याजवळ वारा ताज आणि कुलाब्याच्या इमारतींवरून येतो, तुटक, झोत-झोत करत. एक-दीड किलोमीटर बाहेर गेलं की तो सलग होतो. जाताना वारा पाठीशी असल्याने बोट झरझर जाते आणि अंतराचा अंदाज चुकतो. परतताना तोच वारा तोंडावर, तोही पडत चाललेला. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी स्किपरला बोट गेटवेच्या पूर्वेला आणून तिथेच फेऱ्या मारायला सांगा. हवी ती चौकट तिथेच आहे.

युद्धनौकांचे आणि गोदीचे फोटो घेऊ नका, ड्रोन तर घरीच ठेवा. कुणी पाण्यात पडलंच तर मागे उडी मारायची नाही: एकाने हात लांब करून त्याच्याकडे सतत बोट दाखवायचं, नजर हलवायची नाही, दुसऱ्याने तरंगतं कडं फेकायचं. अंधार पडू लागला की बोटीचे दिवे लागलेत का बघा: डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा.

मळमळ वाटू लागली तर आत केबिनमध्ये जाऊ नका, तिथे हमखास वाढते. मागच्या बाजूला, वारा तोंडावर घेत, दूरच्या किनाऱ्याकडे पाहत बसा. सुकाणू थोडा वेळ हातात द्या म्हणून स्किपरला सांगा. हाताला काम आणि नजरेला क्षितिज मिळालं की बहुतेकांचं पोट ताळ्यावर येतं.

परतल्यावर फोन आणि चष्मा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, बूट घरी धुवा. खारं पाणी चामड्यात वाळलं की पांढरे डाग कायमचे राहतात.