घरी शिकवताना भाषा सोपी ठेवा : सांगणं वेगळं, लिहिणं वेगळं

होमस्कूलिंग सुरू केलं की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते भाषेचे तुकडे पाडायचं. वाचन वेगळं, अक्षर वेगळं, शुद्धलेखन वेगळं, व्याकरण वेगळं, मग इंग्लिशचं फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचणं), मग हिंदी, आणि प्रत्येकाचं वर्कबुक. मुलगा सहाचा होता तेव्हा आमचंही टाइमटेबल असंच होतं. पाच-सहा-सात वर्षांच्या लेकराला यातलं बरंचसं लागतच नाही. रोज मोठ्याने वाचून दाखवायचं, ऐकलेलं त्याच्या तोंडून परत ऐकायचं, त्याने थोडंसं स्वतः वाचायचं आणि एक ओळ नीट लिहायची. सगळं मिळून पाऊण तास, तोही सलग नको.

होमस्कूलिंगचा कायदा, एनआयओएस (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय) वगैरेत इथे शिरत नाही. एनआयओएसमधून दहावीला बसायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे सहा वर्षांच्या पोराला परीक्षेच्या धाकाने लिहायला बसवायचं काही कारण नाही.

आता जिथे आम्ही अडकलो ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कोणी आधी सांगत नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या सणाला, आमचा मुलगा लाकडी बैल घेऊन कॉलनीभर फिरला, बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे, खाऊ) गोळा केला, आणि घरी आल्यावर आजीला बैलाच्या निखळलेल्या चाकापासून ते शेजारच्या बैलाच्या झुलीपर्यंत सगळं सांगत बसला, जेवण थंड झालं तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी दुरेघी वही समोर ठेवली आणि म्हटलं, काल आजीला सांगितलं नं, तेच लिही. त्याने लिहिलं, 'मी पोळा केला.' आणि पेन्सिल ठेवून दिली.

हे का होतं ते नीट समजून घ्या. मोठ्यांना लिहिणं हे एक काम वाटतं, पण त्या वयात ती पाच-सहा कामं असतात आणि सगळी एकाच वेळी करायची असतात. पुढे काय सांगायचं ते डोक्यात धरून ठेवायचं, त्याचं वाक्य करायचं, अक्षराचा आकार आठवायचा, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं (आणि पहिली वेलांटी तर अजून अवघड, उच्चार अक्षराच्या नंतर आणि काढायची अक्षराच्या आधी), दोन शब्दांत जागा सोडायची, ओळ सांभाळायची, आणि बोटं तर दोन ओळींतच दुखायला लागतात. मग मूल काय करतं, हाताला झेपेल एवढंच वाक्य शोधतं. बैलाचं चाक, झूल, बोजारा सगळं गळून जातं आणि उरतं 'मी पोळा केला'. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं आळशी आहे, किंवा याला भाषाच येत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून अजून लिखाण देतात. तिथून पुढे मूल बोलायचंही कमी करतं, कारण त्याला कळतं की जास्त सांगितलं की जास्त लिहावं लागतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट आहे, हे होऊ देऊ नका.

उपाय एकदम साधा. तो सांगेल, लिहाल तुम्ही. एक जाड वही घ्या, तारीख टाका आणि तो बोलेल तसंच्या तसं उतरवा. आमच्या वहीत आहे, 'चाक निघून राह्यलं होतं तं बाबानं खिळा ठोकला.' मी तिथे 'निघत होतं' केलं नाही. नागपुरात लेकरू 'जेवून राहिलो' म्हणणारच, आजीही तसंच बोलते, आणि मधेच टोकलं की गोष्ट तिथेच तुटते. पुस्तकातली भाषा कानावर पडत राहिली की ती हळूहळू आपोआप येते, आणि घरची भाषा जायची काही गरज नाही. मग दुसऱ्या दिवशी त्याच्याच मजकुरातलं एक वाक्य त्याने निवडायचं आणि ते बघून त्याच्याखाली सुंदर अक्षरात काढायचं. एकच. हे झालं अनुलेखन. बरेच महिने हेच चालू द्या, हात बसला की तेच वाक्य ऐकून लिहायला द्या, म्हणजे श्रुतलेखन. मनाने लिहिणं त्याच्यानंतर. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षिकेच्या पद्धतीतही सहाव्या वर्षापासून मुलं तोंडी सांगतात आणि लेखी सांगणं साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास येतं. मला हे वाचून फार धीर आला होता, म्हणून तुम्हालाही सांगतेय.

वाचनाचं म्हणाल तर अ-आ-इ-ई क्रमाने जाऊच नका. ग, म, भ, न यांचे आकार एकमेकांच्या जवळचे, चार अक्षरं आली की नमन, गगन, मगन असे शब्द लगेच वाचता येतात. मग फक्त काना जोडा, मान, नाग, भाग. मग पुढची मात्रा, म्हणजे वेलांटी, उकार वगैरे, एकेक करून. बाराखडी गाण्यासारखी म्हणायला हरकत नाही, पण ती म्हणता येणं म्हणजे वाचता येणं नाही, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला तर अजिबात लावू नका. जोडाक्षरांची घाई नको. एकट्या 'र'ची रूपं बघा, सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. याचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करून घेण्यापेक्षा शब्द समोर आला की सांगून टाका आणि पुढे जा.

आणि बाहेर वाचा. आमच्या नागपुरात बर्डीवरून (सीताबर्डी) लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसा, सुभाष नगर, वासुदेव नगर, बन्सी नगर, पाट्यांवर 'नगर' परत परत येतं आणि त्याला एकही मात्रा नाही. आमच्याकडे मात्रा यायच्या आधी 'नगर' आलं, आणि पुढच्या प्रत्येक स्टेशनला तो काचेला नाक लावून तेवढाच शब्द शोधायचा.

पुस्तकांवर फार खर्च करू नका. 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन फुकट आहेत, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा कूलरपुढे पडून मोठ्याने वाचण्याइतकं चांगलं काही नाही. 'पंधरा दिवसांत वाचायला शिका' वाल्या ॲपवर माझा विश्वास नाही, मूल त्यात अक्षर कमी आणि बटण जास्त ओळखतं. तुमच्या लेकराला एकदाही न भेटता वर्षभराचं पॅकेज विकणारे कोच असतील तर त्यांना सरळ नाही म्हणा. त्यापेक्षा अंगणवाडीत किंवा बालवाडीत आयुष्य घालवलेली एखादी बाई गल्लीत असेल तर तिच्याकडे बसा, चहा घ्या, विचारा.

शुद्धलेखनाचं सध्या एकच पुरे, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, आई, वाटी, लाडू. 'आणि' अपवाद, तो तसाच लक्षात राहतो. लाल पेन तर घरातच नको.

हिंदीचं वेगळं वर्कबुक नागपुरात कशाला हवं, ती रस्त्यावर, भाजीवाल्याकडे, खेळताना मिळते आणि लिपी तीच आहे. इंग्लिश वाचून दाखवा, बोला, पण स्पेलिंग मराठी वाचन सुरळीत झाल्यावर. हे माझं मत आहे, काहींकडे दोन्ही सोबत चालतं, पण ज्यांचं मूल रडतंय त्यांनी एक बाजूला ठेवा.

आता जरा कडक बोलते. सोपं ठेवा म्हणजे दुर्लक्ष करा असं नाही. घ-ध, भ-म यात गोंधळ, अक्षर उलटं काढणं हे सातव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचं होतं, त्याने घाबरू नका. पण त्यानंतरही रोज सराव करून कालचं अक्षर आज अनोळखी वाटत असेल, यमक ऐकू येत नसेल, बोलताना आवाज गळत असतील तर 'होईल हळूहळू' म्हणत वर्ष घालवू नका. आधी कान आणि डोळे तपासा, मग वाचन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. जाताना ती तारखा टाकलेली वही सोबत न्या, मूल तोंडी काय सांगू शकतं आणि हाताने किती लिहितं यातलं अंतर त्यात शेजारी-शेजारी दिसतं, तपासणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.