कमेंडेशन (कामाची अधिकृत शाबासकी) कुणाला मिळतं? वायुसेनेत टेक्निकल ट्रेडला येणाऱ्या पोरांसाठी थोडं अनुभवाचं

गावाकडं गेलो की भरतीची तयारी करणारी पोरं भेटायला येतात, बरीचशी अग्निवीरवायूवाली (वायुसेनेतली चार वर्षांची भरती), आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की काका, मेडल तर पायलटलाच मिळतं ना, खाली विमान दुरुस्त करणाऱ्याला कोण विचारतंय? एकदा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं. मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम बघणारा होतो, 20 वर्षं सर्व्हिस केली आणि सार्जंट म्हणून बाहेर पडलो, त्यातली शेवटची सहा वर्षं मेंटेनन्स कोऑर्डिनेशनच्या टेबलावर गेली.

आधी हे काम काय असतं ते सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये हे कुणी समजावत नाही. बेळगावला बेसिक ट्रेनिंग होतं, नंतर ट्रेडचं ट्रेनिंग होतं, तिथं तुम्ही इंजिन, एअरफ्रेम, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, वेपन असं आपापलं शिकता. स्क्वाड्रनला आल्यावर कळतं की विमान एकच आहे आणि त्याच्यावर चढायला पाच ट्रेडची माणसं एकाच वेळी आलीत. हायड्रॉलिकवाल्याला प्रेशर चालू पाहिजे आणि इलेक्ट्रिकलवाला म्हणतो पॉवर बंद करा. कुणी आधी चढायचं, ट्रॅक्टर कुठल्या विमानाला, बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर कधी बोलवायचा, स्टोअरमधून पार्ट किती वाजता येणार, कुठल्या टेल नंबरचे (शेपटीवरच्या नंबरनं ओळखायच्या विमानाचे) पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत किती तास उरलेत, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एका बोर्डावर असावं लागतं. तो माणूस म्हणजे कोऑर्डिनेटर. सकाळी फ्लाइंग प्रोग्रॅममध्ये समजा सहा विमानं मागितली तर ती सहा लाइनवर उभी असली पाहिजेत, त्यांचं बिफोर फ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी झालेली पाहिजे, फॉर्म 700 वर, म्हणजे त्या विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर सह्या झालेल्या पाहिजेत. आणि एखादं देता येत नसेल तर ते आदल्या रात्रीच सांगायची हिंमत पाहिजे, सकाळी पायलट शिडीपाशी आल्यावर नव्हे.

अडचण अशी आहे की हे काम चांगलं झालं की दिसतच नाही. विमानं उडाली, परत आली, दिवस संपला. आमच्या घरातल्या बायकांच्या कामासारखंच आहे हे, भाकरी वेळेवर ताटात आली की कुणी विचारत नाही पहाटे कोण उठलं होतं. म्हणून या माणसांना शाबासकी मिळणं अवघड जातं, आणि म्हणूनच ती मिळाली पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

मिळतं काय काय, ते पण बघा. 9, 20 आणि 30 वर्षांची लाँग सर्व्हिस मेडल्स असतात, ती सर्व्हिसच्या वर्षांवर मिळतात. चांगल्या वागणुकीचं लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल वेगळं, त्याला तुमची कंडक्ट शीट, म्हणजे वागणुकीच्या नोंदीचा कागद, स्वच्छ लागते, म्हणून पहिल्या वर्षापासून सांभाळून रहा, शिक्षेची एक रेड इंक एंट्री (लाल शाईतली नोंद) फार लांबपर्यंत मागे येते. कामासाठी म्हणून जे मिळतं ते कमेंडेशन, एक कमांडच्या एओसी-इन-सी, म्हणजे त्या कमांडच्या प्रमुखांचं आणि त्याच्यावर चीफ ऑफ द एअर स्टाफ, म्हणजे वायुसेना प्रमुखांचं. त्याच्याही वर राष्ट्रपतींच्या नावानं येणारी मेडल्स, म्हणजे वायुसेना मेडल आणि विशिष्ट सेवा मेडल. विशिष्ट सेवा मेडल 1960 मध्ये सुरू झालं, 1967 मध्ये त्याला आताचं नाव आलं, आणि नियमानं ते सगळ्या रँकना खुलं आहे. ग्राउंडवरच्या माणसाला मिळतं ते बहुतेक वेळा कमेंडेशनच, पण त्याला कमी समजू नका. छातीवरचा तो छोटा बॅज बघितला की पोस्टिंगवर नवीन ठिकाणी गेल्यावर लोक वेगळ्या नजरेनं बघतात, मी बघितलंय. आणि अग्निवीरवायूंना पण नियमाप्रमाणे ऑनर्स आणि अवॉर्ड लागू आहेत, चारच वर्षांसाठी आलेल्या पोराला कोण देणार असं डोक्यात घेऊन येऊ नका.

आता ज्या माणसामुळं हे सगळं लिहावंसं वाटलं त्याची गोष्ट. मी कॉर्पोरल (सार्जंटच्या खालची रँक) होतो तेव्हा आमच्या लाइनवर एक सार्जंट कोऑर्डिनेटर होते, मराठवाड्यातले, बोलायला अगदी मऊ. एका रात्री शिफ्ट संपताना टूल चेक केला तर शॅडो बोर्डवर, म्हणजे प्रत्येक हत्याराची जागा आखलेल्या फळीवर, एका स्पॅनरची (पान्याची) जागा रिकामी. रात्रीचे दीड वाजलेले, सकाळी सहाला लाँच, तीन विमानांवर त्या संध्याकाळी काम झालेलं. एका पोराचं म्हणणं होतं की स्पॅनर दुसऱ्या शिफ्टनं नेला असेल, सकाळी बघू. सार्जंटसाहेबांनी काही वाद घातला नाही, तिन्ही विमानांच्या फॉर्म 700 मध्ये एंट्री मारली, विमानं ग्राउंड केली, म्हणजे उडायला बंद केली, आणि इंजिनिअरिंग ऑफिसरना झोपेतून उठवून फोन केला. मग टॉर्च घेऊन आम्ही सगळे पॅनल उघडायला लागलो. पावणेपाचला तो स्पॅनर सापडला, एका विमानाच्या व्हील बेमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या खणात, अशा जागी की गिअर (चाकं) आत गेल्यावर तो कुठं अडकला असता ते आठवलं तरी आज पण अंगावर काटा येतो. त्या सकाळी सहाला विमानं गेली नाहीत, साडेआठला गेली. सकाळच्या मीटिंगमध्ये अडीच तास उशीर का म्हणून त्यांना बरंच ऐकावं लागलं, आणि त्यांनी ते उभं राहून ऐकलं, स्पॅनर ज्याच्याकडून राहिला त्या पोराचं नाव स्वतःहून पुढं केलं नाही. पोरगा स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला, सर, माझ्याकडून झालं.

पुढच्या वर्षी त्याच सार्जंटसाहेबांना एओसी-इन-सी कमेंडेशन मिळालं. सायटेशन, म्हणजे कशासाठी दिलं तो मजकूर, वाचून दाखवला तेव्हा त्यात त्या रात्रीची वेळ, टेल नंबर, किती पॅनल उघडले, सगळं होतं. कुठून आलं? त्यांनीच लिहिलेल्या एंट्रीतून. त्या रात्री कागदावर काही नसतं तर ही गोष्ट फक्त आमच्या चहाच्या गप्पांत राहिली असती.

माझ्या बाबतीत उलटं झालं. एकदा आमची डिटॅचमेंट (छोटी तुकडी) बाहेर गेली, तीन महिने, थोडी माणसं, स्पेअर लांबून यायचे, आणि कोऑर्डिनेशन मी एकटा बघत होतो. एक पण सॉर्टी (उड्डाण) आमच्यामुळं रद्द झाली नाही. परत आल्यावर कमेंडेशनसाठी नावं पाठवायची वेळ आली तेव्हा मला विचारलं, तुझं काय काय लिहायचं, आकडे दे. माझ्याकडं काहीच नव्हतं, सगळं बोर्डावर लिहायचो आणि पुसायचो. ज्या ऑफिसरना माहीत होतं त्यांची बदली झालेली. नाव गेलं नाही. वाईट खूप वाटलं, दोन-तीन महिने मन लागत नव्हतं, घरी बायकोला पण सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी एक दोनशे पानी वही केली. सिक्युरिटीचं काही त्यात नाही, विमानांची संख्या, लोकेशन, सिस्टिमची माहिती असलं काही स्वतःच्या वहीत कधीच लिहायचं नाही, मोबाइलमध्ये तर अजिबात नाही, हे आत्ताच डोक्यात पक्कं करा. मी लिहायचो ते एवढंच की तारीख, कुठल्या ऑफिशियल रजिस्टरच्या कुठल्या पानावर एंट्री आहे, आणि सोबत कोण होतं. हे तिसरं सगळ्यात कामाला आलं. कारण सीनियर झाल्यावर नावं सुचवायला तुम्हालाच विचारतात, आणि तेव्हा नुसतं पोरगा मेहनती आहे सर असं म्हणून चालत नाही. मेहनती तर सगळेच असतात. त्यानं काय केलं, कधी केलं, ते केलं नसतं तर काय झालं असतं, हे चार ओळीत सांगता आलं पाहिजे. एका इलेक्ट्रिकल फिटर कॉर्पोरलचं असं मी लिहून दिलं होतं. एक स्नॅग (बिघाड) सारखा परत यायचा, प्रत्येक वेळी बॉक्स बदलून विमान सोडायचे, ह्या पोरानं जुन्या सगळ्या एंट्री काढून बघितल्या आणि दोष बॉक्समध्ये नसून वायरिंगच्या एका कनेक्टरमध्ये आहे हे पकडलं. चार ओळीच लिहिल्या, पण प्रत्येक ओळीला रजिस्टरचं पान होतं. त्याला कमेंडेशन मिळालं त्या दिवशी त्याच्या आईचा मला फोन आला होता, कोल्हापूरकडची माऊली, नुसती रडत होती.

आणि एकट्या माणसाचाच सन्मान होतो असं पण नाही, बरं का. आपल्या नाशिकजवळ ओझरला 11 बेस रिपेअर डेपो आहे, 1974 पासूनचा, मिग-29 आणि सुखोई-30 सारखी लढाऊ विमानं तिथं ओव्हरहॉल होतात, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त होतात, 2018 मध्ये तिथून ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई स्क्वाड्रनकडं गेलं. त्या डेपोला 8 मार्च 2024 ला हिंडनला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते प्रेसिडेंट्स कलर्स, म्हणजे युनिटच्या सन्मानाचा राष्ट्रपतींचा ध्वज मिळाला. त्याच दिवशी दोन लढाऊ स्क्वाड्रनना स्टँडर्ड (तसाच सन्मानाचा ध्वज) मिळाले, आणि त्यांच्याच परेडवर रिपेअर डेपो उभा होता! मी टीव्हीवर बघत होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, तरी आपोआप उठून उभा राहिलो. सगळी मेंटेनन्स कमांड नागपूरहून चालते, ओझर आपलं, त्यामुळं टेक्निकल ट्रेडमधल्या पोराला महाराष्ट्रात पोस्टिंग यायची शक्यता असते, पण त्या हिशोबानं ट्रेड मागू नका, आवडीनं मागा.

पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला कोऑर्डिनेशनला कुणी बसवणार नाही, तुम्ही टायरची हवा बघाल, विमान पुसाल, पहाटे रनवेच्या कडेला ओळीनं चालत खडे वेचाल. ते करताना टेबलावरच्या सार्जंटकडं बघत रहा, तो कुणाला आधी फोन करतो, नाही कसं म्हणतो, एंट्री किती वाजता मारतो. रात्री शिफ्ट संपली की त्यांना विचारा, सार्ज, आजचा बोर्ड समजावून सांगता का? मी ज्यांना विचारलं त्यातल्या एकानंही मला परत पाठवलं नाही.