मराठी नभोनाट्याची संहिता मोफत सॉफ्टवेअरमध्ये कशी लिहावी

श्रुतिकेची किंवा पॉडकास्टसाठी लिहिलेल्या नभोनाट्याची संहिता श्रोत्यांच्या हाती कधीच पडत नाही. ती नटांसाठी, दिग्दर्शकासाठी आणि ध्वनिसंयोजकासाठी असते, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना या सर्वांची बोटे एकाच पानावरील एकाच ओळीवर असावी लागतात. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना देखण्या सोयींपेक्षा दोन गोष्टी आधी तपासाव्यात : देवनागरी अक्षरे पडद्यावर आणि छापील पानावर शुद्ध उमटतात का, आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी आपली संहिता उघडता येईल का.

दुसरा मुद्दा काल्पनिक नाही. सेल्टएक्स हे संहितालेखनाचे सॉफ्टवेअर एकेकाळी संगणकावर मोफत उतरवून घेता येत असे, आणि त्यात श्राव्य नाटकासाठी स्वतंत्र साचाही होता. पुढे कंपनीने संगणकावरील ही आवृत्ती थांबवून ऑनलाइन सेवेकडे मोर्चा वळवला. ज्यांच्याकडे त्या जुन्या फाइली आहेत त्यांनी निराश होऊ नये, कारण सेल्टएक्सची फाइल म्हणजे मुळात झिप गठ्ठा असतो. तिच्या प्रतीचा नामविस्तार (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा भाग) बदलून .zip केला आणि ती उघडली की आतील मजकूर मिळवता येतो. नव्या कामासाठी मात्र खुल्या स्वरूपात जतन करणारे साधनच निवडावे.

पहिल्या मुद्द्याची परीक्षा सोपी आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कुऱ्हाड, वाङ्मय, दृष्टी, स्त्री, ज्ञान, ॲड.’ एवढे शब्द टाइप करावेत, त्यांची पीडीएफ काढावी आणि ती मोबाइलवर उघडून पाहावी. पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरे पीडीएफमध्ये फुटतात किंवा त्यांच्या जागी चौकोन येतात, असे पटकथेसाठी बनवलेल्या साधनांत घडू शकते, कारण ती कुरियर या रोमन टंकावर (फॉन्टवर) बेतलेली असतात. टंकलेखन अर्थातच युनिकोडमध्ये करावे. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकप्रणालींत लिहिलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

या कसोट्यांवर माझी पहिली पसंती लिबरऑफिस रायटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरला आहे. ते खास संहितेसाठी बनवलेले नाही, परंतु तासाभराच्या तयारीत त्यात मराठी श्रुतिकेचा कायमचा साचा तयार होतो. प्रथम ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या विभागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करावे आणि तेथे मराठी निवडावी. ही खूण राहून गेली तर पुढे सारा गोंधळ होतो, कारण रायटर रोमन आणि देवनागरी मजकुरासाठी वेगवेगळे टंक लक्षात ठेवतो आणि आपण बदललेला टंक मराठी अक्षरांना लागतच नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत टंक वाचायला स्वच्छ आहेत. माइकसमोर उभे राहून वाचायचे असल्याने अक्षर १४ पॉइंटांपेक्षा लहान ठेवू नये.

त्यानंतर दृश्य, ध्वनी, संगीत आणि संवाद अशा चार परिच्छेद-शैली (पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे एकदा ठरवून पुन्हा पुन्हा लावता येणारी मांडणी) तयार कराव्यात. संवादाच्या शैलीत डावीकडे ४ सेंटीमीटर समास सोडून पहिली ओळ उणे ४ सेंटीमीटर ठेवावी आणि त्याच अंतरावर टॅब द्यावा. मग पात्राचे नाव लिहून टॅबची कळ दाबली की नाव डाव्या रकान्यात राहते आणि संपूर्ण संवाद उजवीकडे एका रेषेत येतो. ध्वनी आणि संगीत यांच्या ओळी अधोरेखित कराव्यात, म्हणजे नट त्या चुकून वाचणार नाही आणि ध्वनिसंयोजकाला त्या लांबूनही दिसतील. प्रत्येक शैलीत ‘नेक्स्ट स्टाइल’ ठरवता येते. दृश्यानंतर ध्वनी आणि ध्वनीनंतर संवाद अशी साखळी एकदा लावून दिली की लिहिताना हात सारखा माउसकडे जात नाही.

संवादाच्या शैलीतील ‘टेक्स्ट फ्लो’ या भागात परिच्छेद दोन पानांवर न तोडण्याची सोय आहे. ती आवर्जून वापरावी, कारण वाक्याच्या मध्येच पान उलटावे लागले तर कागदाची सळसळ थेट ध्वनिमुद्रणात शिरते. ‘टूल्स’मधील ‘लाइन नंबरिंग’ सुरू करून प्रत्येक पानावर क्रमांक नव्याने सुरू होतील असे ठरवावे. बीबीसीच्या रेडिओ नाटकांत प्रत्येक पानावरील संवादांना आणि ध्वनिसूचनांना १ पासून क्रमांक देण्याची पद्धत आहे, आणि तिचा लाभ उघड आहे : ‘पान ७, क्रमांक ४ पासून पुन्हा’ एवढे म्हटले की सगळे तयार असतात. रायटरमध्ये संवादाऐवजी ओळी मोजल्या जातील, पण उपयोग तोच होतो. हे सर्व झाले की फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करावी.

ज्यांना अगदी हलकेफुलके साधन हवे आहे त्यांनी फाउंटन पाहावे. २०१२ साली पुढे आलेली ही साध्या मजकुरात संहिता लिहिण्याची पद्धत आहे. फाइल कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते, आणि मॅकवरील बीट हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते. एक अडचण मात्र मराठी लेखकाला हमखास येते. फाउंटन पात्राचे नाव रोमन मोठ्या लिपीतील (कॅपिटल) अक्षरांवरून ओळखते, आणि देवनागरीत तसा भेदच नाही. म्हणून नावाआधी @ आणि दृश्याच्या शीर्षकाआधी टिंब द्यावे लागते :

.दृश्य १. एसटी स्थानक, पहाट

ध्वनी : लांबून गाडी सुरू होण्याचा आवाज.

@सुमन
(दबक्या आवाजात)
हीच का आपली गाडी?

नावाच्या वरची ओळ रिकामी असणे आवश्यक आहे. पीडीएफमध्ये अक्षरे फुटत असतील तर लेखन फाउंटनमध्ये करून छपाईसाठी मजकूर रायटरच्या साच्यात आणावा.

अनेक भागांची मालिका लिहिणाऱ्यांनी स्टार्क पाहण्याजोगे आहे. किट सिनारिस्ट या पटकथालेखनाच्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांचे हे पुढचे सॉफ्टवेअर असून त्यात श्राव्य नाटकाचा स्वतंत्र विभाग आहे. मूळ लेखन मोफत करता येते, काही अधिकच्या सोयींना पैसे पडतात.

लांबीचा अंदाज कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोडू नये. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकाचा आणि मांडणीचा आहे. मराठी श्रुतिकेत शांतता, पावलांचे आवाज आणि संगीत यांचा वेळ तर पानावर दिसतही नाही. एक दृश्य घड्याळ लावून मोठ्याने वाचावे, ध्वनींच्या जागी तेवढा वेळ थांबावे, आणि त्या दृश्याची मिनिटे त्याच्या शीर्षकाशेजारी लिहून ठेवावीत. तालमीच्या आधी सर्वांना पीडीएफच पाठवावी, कारण मूळ फाइल पाठवल्यास समोरच्याकडे तो टंक नसेल तर पाने सरकतात आणि ओळींचे क्रमांक जुळत नाहीत. तालमीनंतर बदल झाले की फाइलच्या नावात आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख घालून नवी प्रत द्यावी आणि जुन्या प्रती परत गोळा कराव्यात.