हिप्परग्याच्या पाण्यात छोटी लालसरी कशी पाहावी

बदक म्हटलं की शेपूट वर आणि डोकं पाण्यात असं चित्र डोळ्यांसमोर येतं. छोटी लालसरी तशी नाही, ती अख्खी बुडते. आत्ता होती, आत्ता नाही. पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरतं. म्हणून तिच्यामागे काठाकाठानं फिरण्यात अर्थ नसतो. एका जागी बसावं लागतं.

आधी वेळ. मध्य आशिया, सायबेरियाकडून येणारी ही पाहुणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शोधावी. तिचं खाणं बरंचसं रात्री आणि पहाटे चालतं. ऊन चढलं की थवा मधल्या पाण्यात चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतो. दहाला पोचलात तर तांबडे ठिपके दिसतील, बुड्या दिसणार नाहीत. तेव्हा उजाडायच्या आत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजे एकरूख तलाव गाठा. वारं झोंबतं, अंगावर सोलापुरी चादर असू द्या, पण भडक रंगाची नको.

जागा निवडताना उगवता सूर्य पाठीशी हवा. ऊन समोरून आलं तर तांबडं डोकं काळं दिसतं आणि ओळखच बुडते. तळाशी पाणवनस्पती असलेलं, फार तर पुरुषभर खोल पाणी तिला आवडतं. ते कुठं आहे हे मासेमारांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. "मामा, बदकं हल्ली कुठल्या अंगाला बसत्यात?" एवढं विचारलं की ते हातानंच दिशा दाखवतात.

दुर्बीण 8 किंवा 10 पटीची पुरते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, म्हणजे चित्र हलणार नाही. नराचं डोकं विटकरी तांबडं, छाती काळी, अंग राखाडी आणि काळ्या चोचीवर निळसर करडा पट्टा. मादी मात्र फसवते. तपकिरी डोकं, करडी पाठ, डोळ्यामागे फिकट रेघ, बस. अशा वेळी डोक्याचा आकार पाहा: कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत एकच घसरण, मध्ये खाच नाही. चोच लालभडक दिसली तर ती मोठी लालसरी. पाठ काळी, कूस पांढरीशुभ्र आणि डोळा पिवळा असेल तर शेंडी बदक. कपाळाला पांढरं गंध लावल्यासारखा काळा वारकरीही बुड्या मारतो, पण तो बदक नव्हे.

आता खरं पाहणं. एकच नर धरा आणि नजर हलवू नका. बुडायच्या आधी तो पिसं अंगाला घट्ट दाबून घेतो, त्यामुळे क्षणभर बारीक आणि जड वाटतो. मग पुढं छोटी उसळी, आणि गायब. मनात आकडे मोजा. साधारण 15 ते 20 सेकंदांत तो बुचासारखा वर येतो, बहुधा जवळपासच. चोचीतून पाणवनस्पतीचा धागा लोंबताना एकदा दिसला, की थंडीत बसल्याचं सार्थक होतं.

थवा मोजताना इथंच चूक होते, कारण कुठल्याही क्षणी काही पक्षी बुडी मारून पाण्याखाली असतात. पाच-पाच मिनिटांनी तीन-चारदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. नर-माद्या वेगळ्या लिहा. हिवाळ्यात नर उत्तरेकडे जास्त थांबतात आणि माद्या अधिक दक्षिणेला उतरतात, म्हणून आपल्याकडचं हे प्रमाण नोंदवण्याजोगं आहे. 2015 पासून ही जात जागतिक पातळीवर असुरक्षित मानली जाते. तुमची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यातही सहभागी व्हा.

पहिल्या वर्षी फोटोच्या हव्यासानं मी चिखलात दहा पावलं जास्त गेलो. माना ताठ झाल्या, थवा एकत्र आला, आणि पुढच्याच क्षणी सगळे पाण्यावर धावत सुटले. पाय शरीराच्या मागच्या बाजूला असल्यानं लालसरीला जागच्या जागी उडता येत नाही, लांबवर धाव घ्यावी लागते. त्यात रात्रभर कमावलेली शक्ती खर्च होते. माझ्यामुळे ती शक्ती वाया गेली, हे अजून सलतं. म्हणून माना वर झालेल्या दिसल्या की तिथंच थांबा. निघताना वाकून, मागच्या मागे सरकत बांधाआड व्हा आणि मगच उभे राहा.