रत्नागिरीची क्रेडिट्स कोल्हापुरात नेताना

बाबांची एसटीतली विनंती बदली 2025 च्या मे महिन्यात झाली. रत्नागिरी विभागातून कोल्हापूर विभागात. आजी गावी एकटी, म्हणून ते किती वर्षं ही बदली मागत होते. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती. नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्येक पेपरच्या तासांवरून मिळणारी क्रेडिट्स एका ऑनलाइन बँकेत जमा होतात हे ऐकून होते. इथलं खातं तिथे दाखवायचं आणि दुसऱ्या वर्षाला बसायचं, इतकं सोपं मला वाटलं होतं. पुढचे दोन महिने मी जे शिकले ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपण नेमकी कुठली हद्द ओलांडतोय, हे आधी पाहा. नाशिकहून पुण्याला जाणारा विद्यार्थी कॉलेज बदलतो, पण दोन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच येतात. त्याला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागत नाही. दोन्ही कॉलेजांची एनओसी आणि विद्यापीठाची परवानगी, एवढ्यावर काम होतं. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाचा आणि कोल्हापूर शिवाजी विद्यापीठाचा. म्हणजे माझं कॉलेजही बदललं आणि विद्यापीठही. दोन्ही राज्याचीच विद्यापीठं, 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालची, पण प्रत्येकाचं अभ्यास मंडळ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा. आणि एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवणारं, असेल तर त्याच विद्यापीठात राहूनही अभ्यासक्रम बदलतो. नाशिक–पुण्यालाही हे लागू आहे.

आता ती बँक. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम यूजीसीने 2021 मध्ये आणले. डिजिलॉकरमधून आपला बारा आकडी आयडी निघतो आणि मिळवलेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. ती आपण स्वतः भरू शकत नाही, संस्थाच भरते. पण अमुक विद्यार्थिनीने अमुक ठिकाणी इतकी क्रेडिट्स मिळवली, एवढंच ही बँक सांगते. त्यातली किती आपल्या पदवीत धरायची हे नवं विद्यापीठ ठरवतं. शिवाय याच नियमांनुसार, जी संस्था पदवी देणार तिच्याकडेच किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिट्सची धरली तर 66 तिथे हवीत. पहिल्या वर्षानंतर आपल्याकडे 44 असतात आणि 88 उरतात, म्हणून अडचण येत नाही. दुसऱ्या वर्षानंतर मात्र 88 हातात आणि फक्त 44 उरलेली, हिशेब बसत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जावं, असं मी अगदी ठासून सांगेन.

माझा पहिला अडथळा नावाचा होता. आधारवर बाबांच्या नावाचं स्पेलिंग एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं. आयडी आधारच्या नावाने निघाला आणि परीक्षेची नोंद मार्कशीटच्या नावाने, त्यामुळे माझ्या खात्यात काहीच दिसत नव्हतं. आधार दुरुस्त करून ते जुळेपर्यंत तीन आठवडे गेले. प्रवेशाच्या दिवसांत तीन आठवडे फार असतात. बदलीची नुसती कुणकुण लागली तरी त्याच दिवशी डिजिलॉकर उघडून बघा.

खरी लढाई समकक्षतेची, म्हणजे जुना पेपर नव्या पेपरच्या बरोबरीचा ठरवून घेण्याची. नव्या कॉलेजात विभागप्रमुख मॅडमनी माझी मार्कशीट बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘‘सिलॅबस कुठाय?’’ मी फक्त गुण आणि क्रेडिट्स घेऊन गेले होते. पेपरच्या नावावरून काहीच ठरत नाही, हे त्या दिवशी समजलं. माझी मेजर, म्हणजे मुख्य विषय, रसायनशास्त्र. त्या रात्री जुन्या मैत्रिणीकडून दोन्ही सेमिस्टरचा अभ्यासक्रम मागवला, प्रिंट काढल्या आणि दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकेक युनिट शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा केल्या. सेंद्रिय रसायनाचा जो भाग इथे दुसऱ्या सेमिस्टरला झाला होता तो रत्नागिरीत तिसऱ्याला होता, आणि आम्ही जे आधीच शिकलो होतो ते मला इथे पुन्हा शिकायचं होतं. दोन क्रेडिट्सचा एक पेपर त्यामुळे बसला नाही. बाकी मेजरचे पेपर बसले. प्रात्यक्षिकांचा प्रश्न तासांवर सुटला: थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रात्यक्षिकाचं 30 तासांचं, आणि माझं जर्नल सही-शिक्क्यानिशी पूर्ण होतं. ते जर्नल रत्नागिरीत रद्दीत द्यायचं ठरलं होतं. आईने ठेवलं म्हणून राहिलं.

मेजर सोडून बाकीच्या खान्यांत वातावरण बरंच सैल असतं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय, मी वाणिज्य शाखेतून घेतलं होतं, इथे तो विषयच नव्हता, तरी ओपन इलेक्टिव्ह म्हणून क्रेडिट्स धरली गेली. भाषेचा पेपर आणि मूल्यशिक्षणाचा पेपर असेच गेले. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, मात्र नीट बघा. तुमची मायनर नव्या कॉलेजात शिकवतच नसतील तर दुसरी घ्यावी लागते आणि आधीची क्रेडिट्स टांगणीला लागतात. कॉलेज निवडताना मेजरमध्ये जागा आहे का एवढंच सगळे विचारतात. मायनर कोणत्या आहेत हेही तिथल्या तिथे विचारा.

कागदांच्या क्रमाबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगते. टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, आधी काढू नका. टीसी निघाली की जुन्या कॉलेजातलं नाव कमी होतं, आणि नव्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाला जागा नसेल तर तुम्ही दोन्हीकडून जाता. माझ्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या एका मुलाचं असंच झालं होतं. त्याचा चेहरा अजून आठवतो. आधी नव्या कॉलेजात जागेची खात्री करून घ्या, शक्यतो लेखी. मग जुन्या कॉलेजची एनओसी, त्यानंतर टीसी, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन. मायग्रेशनची मूळ प्रत नव्या ठिकाणी जमा होते, तेव्हा झेरॉक्स आणि स्कॅन आधीच करून ठेवा. प्रवेश सुरुवातीला तात्पुरता असतो. एलिजिबिलिटी, म्हणजे विद्यापीठाने तपासलेली पात्रता, मंजूर झाली की पक्का होतो, आणि तिला महिने लागू शकतात. तोवर प्रत्येक पावती जपायची. एटीकेटी, म्हणजे नापास राहिलेला पेपर, शिल्लक असेल तर विद्यापीठ बदलण्याआधी ती सोडवा, नाहीतर समकक्षतेचं बोलणं सुरूच होत नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळत असेल तर टीसी काढण्यापूर्वी दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन नूतनीकरणाचं काय होणार ते विचारून घ्या. अर्ज कॉलेजच्या नावाने पुढे जातो आणि मधेच कॉलेज बदललं की तो अडकतो.

न बसलेल्या दोन क्रेडिट्ससाठी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स चालेल का, हेही मी विचारलं. विद्यापीठाने तो कोर्स आधीच मान्य केलेला असेल तरच ती क्रेडिट्स धरतात. आधी करायचा आणि मग विचारायचं, हे चालत नाही. माझ्या पेपरला तसा कोर्स नव्हता. मला दुसऱ्या सेमिस्टरचा तो पेपर चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेबरोबर द्यावा लागणार होता. तसं मॅडमनी लेखी दिलं. ते पत्र आणि समकक्षतेचा तक्ता मी आजही फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवते, कारण तोंडी दिलेला होकार पुढच्या वर्षी टेबलावरचा माणूस बदलला की उरत नाही.

माझी मावसबहीण लग्नानंतर पहिल्या वर्षावर थांबली होती. सात वर्षांची मुदत तिला मी सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘म्हणजे माझं ते वर्ष अजून आहे?’’ आहे. तिची 44 क्रेडिट्स खात्यात दिसतात. आता तिच्या सासरजवळच्या कॉलेजात तिच्या मेजरला जागा आहे का, आणि तिचा जुना सिलॅबस कुणाकडे मिळेल, हे आम्ही दोघी शोधतोय.