‘अँग्री ऑन’ का चुकतं?

मराठीत राग कुणा‘वर’ येतो, म्हणून आपण सहज ‘अँग्री ऑन मी’ म्हणून जातो. इंग्रजीत विशेषणापुढे कोणता छोटा शब्द (प्रिपोझिशन) येणार ते ठरलेलं असतं: माणसावर रागावलं की ‘अँग्री विथ’ आणि गोष्टीवर रागावलं की ‘अँग्री अबाउट’. लग्न कुणा‘शी’ होतं, पण तिथे ‘मॅरिड टू’च हवं, ‘विथ’ नाही. कुत्र्याला घाबरणारा ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. थोडक्यात, मराठीतल्या ‘वर’, ‘शी’, ‘ला’वरून प्रिपोझिशन ठरवायला गेलात की फसगत ठरलेली.

‘गुड’कडे नीट बघा. गणितात हुशार तो ‘गुड ॲट मॅथ्स’, तब्येतीला चांगलं ते ‘गुड फॉर हेल्थ’, आणि माझ्याशी चांगली वागली तर ‘शी वॉज गुड टू मी’. विशेषण एकच, अर्थ तीन.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे शब्द लॅटिनमधून आलेले; तुलना असूनही त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’च लागतं.

प्रिपोझिशनच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ जोडा: ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. ‘इन लर्न’ नव्हे.

पाठ करताना सुटं ‘अफ्रेड’ लिहू नका. वहीत ‘अफ्रेड ऑफ’ अशी जोडीच लिहा, शेजारी स्वतःचं एक वाक्य. रोज 3 जोड्या पुरेत.