सामाईक बागेतील वाफ्याची चैत्रातील निगा

कोल्हापुरात गुढीपाडवा उलटला की ऊन चढू लागते आणि कॉलनीच्या मोकळ्या जागेत वाटून घेतलेल्या वाफ्यांतील काळी माती पाहता पाहता भेगाळते. म्हणून या दिवसांत पहिले काम आच्छादनाचे. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक असते (ते पेटवून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, हे दुर्दैव). त्याचे वीतभर तुकडे करून रोपांभोवती दोन-तीन इंच जाडीचा थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये, कारण तेथे ओल साचून खोड कुजते.

पाणी सकाळी लवकर, मुळाशी आणि सावकाश द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात. त्यापेक्षा मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहावे व ओल लागली नाही तरच भरपूर पाणी सोडावे.

भेंडी, गवार आणि चवळी हे ऊन सोसतात. भेंडीचे बी रात्रभर भिजवून ३० सेंटिमीटर अंतरावर टोकावे. कोथिंबीर दोडक्याच्या मांडवाच्या सावलीत लावावी.

मावा किंवा तुडतुडे दिसल्यास निंबोळीच्या ५० ग्रॅम गराची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात थोडा साबणचुरा मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावी.

वळीव वाऱ्यासह, कधी गारांसह येतो. त्याआधीच मांडवाच्या मेढी सुंभाने घट्ट आवळून घ्याव्यात आणि गावी जाणार असल्यास पाण्याची पाळी शेजारच्या वाफेकऱ्याकडे सोपवावी.